मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर व्यायामोपचार: काय ताणायचे आणि काय राखायचे?

अनुबंध:

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला साडेचार महिन्यांपूर्वी मानेच्या मणक्याला मार लागून मज्जारज्जूची दुखापत झाली. तपासणीच्या कागदावर पातळी सी-६ (मानेच्या भागातली सहावी) आणि श्रेणी 'बी' अशी नोंद आहे. म्हणजे दुखापतीच्या खाली स्पर्श कळतो, अगदी गुदद्वाराजवळची संवेदनाही शाबूत आहे, पण पाय हलत नाहीत. खांदे चांगले चालतात, कोपर वाकवता येते, मनगट वर उचलता येते. कोपर सरळ करणाऱ्या स्नायूत उजवीकडे केवळ एक अस्पष्ट लहर दिसते आणि बोटे स्वतःच्या बळावर मिटत नाहीत.

हा धागा काढण्याचे कारण एक चूक आहे आणि ती माझ्या हातून झाली. रुग्णालयातून निघताना तिथल्या एका मदतनिसाने आम्हाला बोटांचा व्यायाम दाखवला होता: मनगट मागे धरायचे आणि सगळी बोटे पूर्ण सरळ ताणायची, म्हणजे हात आखडत नाही. मी तो सात आठवडे सकाळ-संध्याकाळ मनापासून केला. बोटे मऊ आणि सरळ झाली, तेव्हा मला समाधानही वाटले. मागच्या आठवड्यात नव्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याला मनगट वर उचलायला सांगितले आणि बराच वेळ त्याच्या अंगठ्याकडे पाहिले. अंगठा तर्जनीला टेकत नव्हता, मध्ये बोटभर अंतर राहत होते. त्या म्हणाल्या, "ही बोटे थोडी आखडलेलीच हवी होती. याच आखडण्यावर त्याला पेला धरता आला असता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. भावाला मी अजून नीट सांगितलेलेही नाही. ज्यांना या विषयाचा अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे की गेलेली पकड परत येते का, आणि आम्ही अजाणतेपणी आणखी काय काय चुकीचे करत असू. भाऊ केव्हा चालेल हा प्रश्न घरी रोज निघतो, पण या धाग्यावर मला आधी त्याच्या हातांविषयी आणि रोजच्या हालचालींविषयी समजून घ्यायचे आहे.

गतिमान:

अनुबंधताई, मी मज्जारज्जूच्या दुखापतींच्या विभागात बरीच वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. आधी मुख्य गोष्ट सांगते: साडेचार महिने म्हणजे उशीर झालेला नाही. तुमच्या भावाचे मनगट वर उचलले जाते आणि त्याच्या हाताचे पुढचे सारे काम या एका हालचालीवर उभे राहणार आहे.

बोटे मिटवणारे स्नायू कोपराच्या बाजूला सुरू होतात आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटावरून पुढे बोटांत जातात. मनगट वर उचलले की या दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटे आपोआप आत वळतात, अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो. मनगट खाली सोडले की दोऱ्या सैल पडतात आणि हात उघडतो. स्नायूत जीव नसतानाही मिळणारी ही पकड आहे आणि सी-६ पातळीच्या माणसाला चमचा, ब्रश, पेन, लघवी काढायची कॅथेटरची नळी या वस्तू तिच्याच जोरावर धरता येतात. मात्र त्यासाठी दोऱ्या किंचित आखूड असाव्या लागतात. मनगट वर असताना बोटेही सरळ ताणली की दोरी दोन्ही टोकांनी ओढली जाते आणि कालांतराने सैल होते.

तेव्हा नियम साधा ठेवा. मनगट वर असेल तेव्हा बोटे मिटलेली आणि बोटे उघडायची असतील तेव्हा मनगट खाली. प्रत्येक सांधा पूर्ण फिरवा, कारण बोटांचे सांधे मोकळे राहिलेच पाहिजेत. फक्त मनगट आणि बोटे एकाच वेळी मागे नेऊ नका. बसल्यावर तो हातावर भार देतो तेव्हा तळहात सपाट पसरू देऊ नका, बोटे आत मुडपलेली असू द्या. ही शेवटची गोष्ट घरोघरी निसटते, कारण हातावर रेलताना पंजा पसरणे आपल्याला स्वाभाविक वाटते.

ताणाबद्दलही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ताण देण्याच्या व्यायामांवर झालेल्या चाचण्यांचे एकत्रित परीक्षण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की सात महिन्यांहून कमी काळ दिलेल्या ताणाने सांध्याच्या हालचालीत उपयोगी पडेल इतका फरक पडत नाही. म्हणून मी दिवसातल्या काही मिनिटांच्या ताणापेक्षा उरलेल्या तासांत हात कोणत्या स्थितीत ठेवला आहे याकडे जास्त लक्ष देते. तुमच्या भावाचा पंजा रात्रभर सपाट ठेवला जात होता का, हे आठवून पाहा. तसे असेल तर तुमच्या सकाळ-संध्याकाळच्या व्यायामाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, दोष त्या ठेवणीचा असेल. बोटे हलकी मिटलेली राहतील अशी पट्टी किंवा हातमोजा रात्री वापरून काही महिन्यांत पकड बऱ्यापैकी घट्ट झालेली मी पाहिली आहे. मोजमाप घेऊन ते करण्याचे काम तुमच्या थेरपिस्टांचे आहे.

किनेसिओथेरपी या शब्दाचा अर्थच हालचालीतून उपचार असा आहे आणि त्यामुळे लोकांना वाटते की जितकी हालचाल जास्त तितका उपचार चांगला. मज्जारज्जूच्या दुखापतीत कुठे हालचाल वाढवायची आणि कुठे आखडलेपण जपायचे हे आधी ठरवावे लागते. हाताइतकेच महत्त्वाचे दुसरे उदाहरण कमरेचे आहे. पाय लांब करून बिछान्यावर आधाराविना बसायचे असेल तर मांडीमागचे स्नायू सैल हवेत. पाठीवर झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय उचलला असता तो साधारण ११० अंशांपर्यंत जायला हवा. पण कमरेचे स्नायू मात्र थोडे आखडलेले हवेत, कारण पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंत ताकद नसताना कमरेचा हा कडकपणाच धड सावरून धरतो. मांडीमागचे स्नायू पुरेसे सैल होण्याआधी माणसाला पाय लांब करून बसवले, तर ताण सगळा कमरेवर येतो, नको तो भाग सैल होतो आणि मग तो मनुष्य बसल्याजागी पुढे कोसळत राहतो. म्हणून हे स्नायू पाठीवर झोपवूनच ताणावेत.

दुसरीपायरी:

ताई, तुम्ही ही चूक इतक्या मोकळेपणाने लिहिलीत याबद्दल आभार. भावाला मात्र लवकर सांगा. हात त्याचा आहे आणि मनगटाचा हा नियम सर्वांत आधी त्यालाच पाठ व्हायला हवा. येणाऱ्या प्रत्येक मदतनिसाला तो स्वतः सांगू शकला पाहिजे.

माझी दुखापत टी-१० ची (छातीच्या भागातली दहावी पातळी), संपूर्ण, नऊ वर्षांपूर्वीची. हात पूर्ण चांगले, कमरेखाली काही नाही. पहिले सहा महिने मी रोज दोन तास पाय हलवून घेण्यात घालवले. थेरपिस्ट पाय हलवायचे, मी पाहत बसायचो आणि मनात एकच विचार असायचा की आज तरी अंगठा हलेल. सांधे मोकळे राहिले हे खरे, पण त्या सहा महिन्यांत मी स्वतःहून कूस बदलायलाही शिकलो नव्हतो. मग नव्या थेरपिस्टांनी विचारले, "सकाळी उठल्यापासून बाहेर पडेपर्यंत दुसऱ्याच्या हातून होणारे कोणते काम तुम्हाला सर्वांत जास्त खुपते?" मी म्हणालो, पँट चढवणे. त्यानंतरचे सहा आठवडे माझा सारा व्यायाम पँटसाठी होता. कूस बदलायला दोन्ही हात एकत्र करून झोका घ्यायचा, डोके आणि खांदे त्याच दिशेला फेकायचे, म्हणजे धड मागोमाग येते. पाय लांब करून बसायचे, एका हातावर तोल सांभाळत दुसऱ्या हाताने गुडघा ओढून घ्यायचा. पाऊल विरुद्ध मांडीवर ठेवायचे. मग पुन्हा आडवे होऊन डावी-उजवी कूस बदलत कंबरपट्टा वर ओढायचा. पहिल्यांदा चाळीस मिनिटे लागली. आता चार लागतात.

त्या सहा आठवड्यांत दंडांची, खांद्यांची, पाठीची जी ताकद वाढली ती आधीच्या सहा महिन्यांत वाढली नव्हती. ताकद कोणत्या कामासाठी हवी आहे हे माहीत असले की व्यायाम किती वेळा करायचा हे कोणी सांगावे लागत नाही.

खुर्चीतून पलंगावर जाण्याबाबत मला उशिरा कळलेली एक युक्ती सांगतो. नितंब ज्या दिशेला न्यायचे असतील त्याच्या विरुद्ध दिशेला डोके न्यायचे. डोके खाली आणि डावीकडे झुकवले की नितंब आपोआप वर आणि उजवीकडे जातात. मी कित्येक महिने पलंगाकडे पाहत पलंगाच्याच दिशेला झुकत होतो आणि वजन हलत का नाही म्हणून खांद्यांना दोष देत होतो.

अनुबंध:

गतिमानताई, तुमचे म्हणणे खरे निघाले. रात्री दोन्ही पंजे उशीवर सपाट पट्टीने बांधलेले असत. आजपासून ते बंद केले आहे. दादा, काल भावाला सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "ताई, मग आता मनगट नेमके कसे धरायचे ते मला दाखव." 

दोन शंका आहेत. उजव्या दंडामागच्या स्नायूत जी लहर दिसते तिचा काही उपयोग होईल का? आणि खुर्चीत बसवल्यावर दहा मिनिटांत त्याचा चेहरा पांढरा पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यामुळे व्यायाम अर्धवट सोडावा लागतो.

गतिमान:

त्या लहरीची मी सर्वांत आधी काळजी घेईन. स्नायूची ताकद ० ते ५ अशी मोजतात. ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे नुसती लहर, २ म्हणजे गुरुत्वाकर्षण वगळले तर पूर्ण हालचाल, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल, आणि पुढचे दोन आकडे प्रतिकाराविरुद्धच्या ताकदीचे. दुखापतीच्या लगेच खालच्या पातळीवरच्या ज्या स्नायूंत सुरुवातीच्या काळात १ किंवा २ ताकद असते ते पुढच्या महिन्यांत ३ पर्यंत पोहोचण्याची शक्यता चांगली असते. कोपर सरळ करणारा स्नायू सी-७ चा आहे. तो ३ वर आला तर खुर्चीतून पलंगावर जाणे, डोक्यावरच्या वस्तूपर्यंत हात नेणे, खुर्ची ढकलणे, सगळेच बदलते.

१ ताकदीच्या स्नायूला वजन देऊन उपयोग नसतो. टेबल खांद्याच्या उंचीला आणा, त्यावर गुळगुळीत फळी ठेवा, थोडी पावडर टाका, हात फळीवर आडवा ठेवा आणि त्याला कोपर सरळ करायला सांगा. थेरपिस्टांनी हालचाल पूर्ण करायला लागेल तेवढीच मदत करावी आणि प्रत्येक वेळी त्याचा स्वतःचा प्रयत्न आधी सुरू व्हावा. मदत आधी आणि प्रयत्न नंतर असे झाले की मेंदूकडून खाली येणारा संदेश वापरलाच जात नाही. आठ-दहा प्रयत्न, मग विश्रांती, मग पुन्हा. स्नायू थकला की लहर दिसेनाशी होते, तिथे थांबावे. विद्युत उत्तेजनाची जोडही इथे देता येते.

दरम्यान कोपर सरळ ठेवण्याची दुसरी वाट शिकवून ठेवावी. हात शरीराच्या किंचित मागे, खांदा बाहेरच्या बाजूला फिरवलेला, तळवा वरच्या दिशेने वळवून मग मनगट मागे आणि बोटे मुडपलेली अशा स्थितीत हात टेकवला, की कोपर सांध्यातच अडकून सरळ राहते आणि खांद्याचे पुढचे स्नायू ते धरून ठेवतात. सी-६ ची कित्येक माणसे याच युक्तीने, सरकण्याच्या फळीच्या मदतीने, पलंग ते खुर्ची हे अंतर पार करतात.

अंधारी येण्याचे कारण रक्तदाब आहे. दुखापत इतकी वर असली की पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आकसण्याचा आदेश नीट पोहोचत नाही आणि बसल्यावर रक्त खाली साठते. पोटपट्टा आणि घट्ट मोजे, बसवण्याआधी पलंगाचा माथा टप्प्याटप्प्याने उचलणे, उभे करण्याच्या टेबलावर दर काही दिवसांनी थोडा कोन वाढवणे, याने बहुतेकांचे शरीर काही आठवड्यांत सरावते. अंधारी आली तर खुर्ची मागे कलती करा, पाय वर घ्या. पोटपट्ट्याचा आणखी एक फायदा असा, की बसलेल्या स्थितीत श्वासपटलाला आधार मिळून श्वास खोल जातो आणि खोकला जोरकस येतो.

आता याच्या नेमक्या उलट प्रकाराबद्दल सांगते आणि हे घरातल्या प्रत्येकाने वाचावे. टी-६ किंवा त्याहून वरच्या दुखापतीत खाली कुठेही त्रास झाला, मूत्राशय तुंबले, कॅथेटरला पीळ पडला, शौचाला खडा झाला, पट्टा घट्ट बसला किंवा नख रुतले, तरी रक्तदाब एकदम चढू शकतो. अचानक ठणकणारी डोकेदुखी, चेहऱ्यावर आणि मानेवर लाली व घाम, नाक चोंदणे, नाडी मंदावणे ही त्याची लक्षणे आहेत. या माणसांचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० च्या आसपास असतो. त्यामुळे १४० हा आकडा इतरांना किरकोळ वाटला तरी त्यांच्यासाठी तो धोक्याचा असतो. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढ झाली की सावध व्हायचे. अशा वेळी आडवे मुळीच करू नका. ताठ बसवा, पाय खाली सोडा, कपडे, पोटपट्टा, मोजे सैल करा, कॅथेटर तपासा, मूत्राशय रिकामे करा. रक्तदाब उतरत नसेल तर विनाविलंब तातडीच्या सेवेकडे जा. व्यायामाच्या मध्येच हे घडू शकते, म्हणून व्यायामाआधी मूत्राशय रिकामे करण्याची सवय लावा. त्याचा नेहमीचा रक्तदाब एका कागदावर लिहून तो खुर्चीलाच लावून ठेवा.

नवीपालवी:

मी या धाग्यावर थोडी वेगळ्या बाजूने लिहिते. माझी दुखापत मानेचीच, पण अपूर्ण. पाय आधी सुधारले आणि हात मागे राहिले. तीन वर्षांनंतर मी काठी घेऊन चालते आणि लोक मला बरी झालेली समजतात.

चालायला शिकताना मला पट्ट्यांनी वजन उचलून धरणाऱ्या ट्रेडमिलवर चालवले होते. त्यामागचा विचार मला समजावून सांगितला होता की पावले टाकण्याची लय मज्जारज्जूच्या खालच्या भागातही काही प्रमाणात तयार होते आणि वारंवार चालवल्याने ती जागी होते. यंत्रावर मला अतिशय आनंद व्हायचा. पण नंतर थेरपिस्टांनी मला हेही सांगितले की अपूर्ण दुखापतींच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे ट्रेडमिल आणि तितकाच वेळ जमिनीवर दिलेला चालण्याचा सराव, या दोन्हींचे निष्कर्ष सारखेच निघाले होते. दोन्ही गटांतले बरेच जण चालू लागले होते. हे ऐकून माझी यंत्रावरची भिस्त कमी झाली आणि घरातल्या व्हरांड्यातल्या फेऱ्या वाढल्या.

कोणी सांगत नाही अशी गोष्ट थकव्याची आहे. मी सकाळी शंभर पावले चांगली चालते. तीच पावले संध्याकाळी टाकताना उजवे पाऊल घासते. त्या घासण्याचा आवाज मला आता घड्याळासारखा झाला आहे. तो ऐकू आला की मी बसते. आणि हातांचे म्हणाल तर शर्टाचे गळ्याजवळचे बटण लावणे मला अजूनही पायऱ्या चढण्यापेक्षा अवघड जाते. ताई, तुमच्या घरी चालण्याचा प्रश्न रोज निघतो असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या घरीही निघायचा. चालू लागल्यावर बाकीचे प्रश्न आपोआप सुटतील असे सगळ्यांना वाटत होते. मूत्राशयाचा प्रश्न सुटला नाही, पायांतली जळजळ सुटली नाही, आणि ज्या दिवशी मी स्वतःच्या हाताने केस विंचरले त्या दिवशी मला पहिल्या पावलापेक्षा जास्त रडू आले.

आशेचा_काठ:

मी नवीन सदस्य आहे. माझ्या वडिलांना दुखापत होऊन आठ महिने झाले. आम्हाला सांगण्यात आले की सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही, त्यामुळे व्यायाम बंद झाला आहे. हे खरे आहे का? पुन्हा सुरू करावा का?

गतिमान:

व्यायाम बंद करायला नको होता. मज्जातंतूंतून होणारी सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि मग तिचा वेग मंदावतो, हे खरे आहे. पण ती त्याच दिवशी संपत नाही. वर्ष-दीड वर्षापर्यंत आणि काहींच्या बाबतीत त्यानंतरही थोडी थोडी ताकद येताना दिसते. शिवाय कौशल्य आणि शाबूत स्नायूंची ताकद यांना अशी मुदतच नसते. सुरू करण्याआधी त्यांची त्वचा, नितंबांची आणि मांड्यांची हालचाल, पोटऱ्यांवरची सूज हे सगळे तपासून घ्या. नितंबाचा सांधा अचानक कडक झाला असेल, जागा गरम आणि सुजलेली असेल, तर सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होत असण्याची शक्यता असते. एका पायाला सूज असेल तर शिरेत गुठळी नाही ना हे पाहावे लागते. तिथे जोर लावून सांधा फिरवणे धोक्याचे आहे.

दुसरीपायरी:

जोर लावण्यावरून माझा अनुभव सांगतो. दुखापतीच्या सहाव्या वर्षी माझा एक नातेवाईक प्रेमापोटी माझा गुडघा जरा जास्तच वाकवत होता. बारीक 'कट' असा आवाज आला. मला काहीच दुखले नाही, म्हणून आम्ही व्यायाम पुढे चालू ठेवला. संध्याकाळी गुडघा फुगला आणि पायांचे झटके थांबेनात. मांडीचे हाड गुडघ्याच्या जरा वर मोडले होते. दुखापतीखालची हाडे पहिल्या वर्षातच वेगाने विरळ होतात आणि मोडतात ती बहुधा गुडघ्याच्या आसपास, हे मला मोडल्यावर समजले. तेव्हापासून माझ्या पायाला कोणीही हात लावण्याआधी मी सांगतो: पाय दोन ठिकाणी आधार देऊन उचला, पिळू नका, अडकले तर थांबा.

पायांचे झटके एकदम वाढले तर ते काहीतरी सांगत असतात, हेही लक्षात ठेवा. माझ्या बाबतीत एकदा हाड होते, दोनदा लघवीचा संसर्ग आणि एकदा नितंबावर सुरू झालेला शय्याव्रण. एरवी पायांचा थोडा ताठरपणा मला खुर्चीतून उठताना उपयोगी पडतो, म्हणून तो पूर्ण घालवणारे औषध मी मागत नाही.

खांद्यांबद्दल मी कळकळीने लिहितो, कारण माझे पाय आता माझे खांदेच आहेत. पहिली चार वर्षे मी दर वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर शरीर उचलून धरायचो, व्रण होऊ नये म्हणून. पाचव्या वर्षी उजवा हात डोक्यावर जाईना. दाबलेल्या त्वचेत रक्त पुन्हा पुरेसे फिरायला दोनेक मिनिटे लागतात आणि इतका वेळ कोणी हातांवर उचलून राहू शकत नाही. आता मी छाती मांड्यांवर टेकवून पुढे झुकतो किंवा एकेका कुशीला रेलतो. त्वचेला आराम मिळतो आणि खांद्यांनाही. व्यायामात मी छाती पुढून ताणतो आणि पाठीमागचे, खांद्याची पाती मागे ओढणारे स्नायू रबरी पट्ट्याने बळकट करतो. खुर्ची ढकलून पुढचे स्नायू दिवसभर पुरेसे काम करतात.

दमश्वासाच्या व्यायामाचेही सांगायला हवे. मज्जारज्जूची दुखापत असलेल्या प्रौढांसाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटे मध्यम ते जोरकस दमाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, प्रत्येक चालत्या स्नायूगटाचे तीन संच, असे सांगितले आहे. हृदयाचे आरोग्य सुधारायचे असेल तर दमाचा व्यायाम आठवड्यातून तीनदा, ३० मिनिटे. हे वाचून मला फार धीर आला, कारण मी ऐकले होते की रोज चार तास केले नाही तर काही उपयोग नाही.

या उपचारांत खेळ आले ते लुडविग गुटमन यांच्यामुळे. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल येथे त्यांनी मज्जारज्जूच्या दुखापतींचा विभाग सुरू केला, तेव्हा अशा रुग्णांना फार काळ जगणार नाहीत असेच धरले जाई. त्यांनी दर दोन तासांनी रुग्णांची कूस बदलायला लावली आणि त्यांना पलंगातून बाहेर काढले. २९ जुलै १९४८ रोजी तिथे झालेल्या तिरंदाजीच्या सामन्यात १६ जखमी सैनिकांनी, त्यांत २ स्त्रिया होत्या, चाकांच्या खुर्चीतून बाण सोडले. तिरंदाजीत धनुष्य ओढताना जे स्नायू लागतात ते पाठीचे आणि खांद्याच्या पात्याचेच. मी स्वतः ती तीन वर्षे करत आहे.

गतिमान:

दुसरीपायरी यांनी लिहिलेल्या व्यायामाच्या मात्रेला एक पुरवणी जोडते. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या दुखापतीत हृदयाची गती वाढवणारा आदेश नीट पोहोचत नाही. त्यामुळे कितीही मेहनत केली तरी नाडी बरेचदा १२० ते १३० च्या पुढे जात नाही. नाडीचा आकडा पाहून 'आणखी जोर लाव' असे त्याला सांगू नका. व्यायाम करताना बोलता येते पण सलग लांब वाक्य बोलताना दम लागतो, इतपत मेहनत मध्यम समजावी. शिवाय दुखापतीखाली घाम येत नसल्याने अंग लवकर तापते, तेव्हा हवा खेळती ठेवा आणि ओला टॉवेल जवळ असू द्या.

अनुबंध:

अकरा आठवड्यांनी लिहीत आहे. मध्यंतरी लघवीच्या संसर्गाने दोन आठवडे गेले आणि तेव्हा पायांचे झटके खरोखरच आधी वाढले होते, ताप नंतर आला. धाग्यावर वाचलेले असल्यामुळे आम्ही झटके वाढल्याच्या दुसऱ्याच दिवशी तपासणी करून घेतली.

स्वावलंबनाचे जे शंभर गुणांचे मोजमाप करतात त्यात भाऊ २४ वरून ३३ वर आला आहे. त्यातले बरेचसे गुण जेवण्याचे आणि वरच्या अंगाचे कपडे घालण्याचे आहेत. उजव्या दंडामागचा स्नायू फळीवर आता कोपर पूर्ण सरळ करतो, म्हणजे २ झाला. डावा अजून शून्यच आहे. खुर्चीत तो दोन तास सलग बसतो आणि दर अर्ध्या तासाने स्वतःच पुढे झुकायची आठवण करतो. पुढे झुकल्यावर पुन्हा ताठ होण्यासाठी त्याला अजून माझा हात लागतो. सरकण्याच्या फळीवरून जाताना डोके विरुद्ध दिशेला नेण्याची युक्ती त्याला तिसऱ्या दिवशी जमली, पण मी मागे उभी असल्याशिवाय तो अजून ते करत नाही.

अंगठा आणि तर्जनी यांमधले अंतर आता करंगळीच्या नखाएवढे उरले आहे. रिकामी पकड जुळत नाही, पण मध्ये वस्तू असली की धरली जाते. आधी जाड मुठीचा चमचा होता, मग ब्रश, आणि मागच्या सोमवारपासून प्लास्टिकचा हलका पेला. तो पेला टेबलाच्या कडेशी आणतो, मनगट खाली सोडतो, हात उघडतो, पेल्याभोवती नेतो आणि मग सावकाश मनगट वर उचलतो. बोटे पेल्याभोवती वळत जातात. दोन्ही हातांनी, अर्धा भरलेला पेला, एका घोटापुरता.

काल नवीन मदतनीस आले. मी शेजारच्या खोलीत होते. त्यांनी भावाचा हात हाती घेतला असावा, कारण तो म्हणाला, "थांबा. बोटे उघडायची असतील तर आधी माझे मनगट खाली करा. मनगट वर असेल तेव्हा बोटे मिटलेलीच राहू द्या, ती मला लागतात." मी आत गेले नाही. त्याने त्यांना सगळे पहिल्यापासून समजावून सांगितले, डाव्या हाताचेही.

पुढच्या आठवड्यात चाकाच्या बाहेरच्या कड्यावर रबर बसवलेली खुर्ची चालवून पाहायची आहे. सी-६ च्या माणसाने तळव्याच्या टाचेने कडे ढकलताना मनगट कसे ठेवावे आणि आताच खांदे कसे जपावेत, यावर दुसरीपायरी आणि गतिमानताई यांनी लिहिले तर मी ते भावाला वाचून दाखवीन.